काजवेनगरचं शेवटचं पान

सभेचे अध्यक्ष माननीय यशवंतराव देसाई, जोयड्याहून खास वेळ काढून आलेले शिक्षणाधिकारी साहेब, आमचे मुख्याध्यापक महेश गुरुजी, शाळा सुधारणा समितीचे सभासद, ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव घातलाय त्या आमच्या राजेश्वरीबाई, आणि नंदिगड्ड्यापासून गणेशगुडीपर्यंतच्या वाड्यांतून मिळेल त्या जीपनं आलेले बाईंचे विद्यार्थी, या सगळ्यांना देवकी वेळीपचा नमस्कार.

मी या शाळेत बिसियूट रांधते. दुपारी मुलांच्या ताटात गरम भात वाढते. भाषणाची मला सवय नाही. गुरुजी म्हणाले, "देवकी, दोनच मिनिटं बोल, बाईंना बरं वाटंल." गुरुजी, दोन मिनिटांत माझं होणार नाही, हे आधीच सांगते. आणि बाईंना बरं वाटेल की नाही, तेही मला ठाऊक नाही.

आतापर्यंत सगळे वक्ते 'काजवेनगर'बद्दल बोलले. ते बरोबरच आहे. शाळेच्या कपाटातलं एक जुनं गोष्टीचं पुस्तक. निरू नावाची मुलगी डोंगराच्या पोटातल्या काजवेनगरात जाते, सात दारं ओलांडते, प्रत्येक दाराशी एक उलट्या पावलांची म्हातारी, उलटपावली, तिच्याकडून काहीतरी मागून घेते. कधी सावली, कधी आवाज, शेवटी नाव. बाई दर शनिवारी शेवटच्या तासाला हे पुस्तक वाचायच्या आणि आम्ही श्वास रोखून ऐकायचो.

त्या एका गोष्टीनं आपल्या भागाचं काय करून ठेवलंय बघा. विठ्ठलच्या जीपवर पुढं 'तीनशिंगी' लिहिलंय, निरूच्या गव्याचं नाव. गणेशगुडीला काळी नदीत आमचा सुदेश पाहुण्यांना ज्या राफ्टमधून नेतो, तिचं नाव उलटपावली, कारण ती जोराच्या पाण्यात पाठमोरीच जाते. क्रिकेटची टीम काजवेनगर इलेव्हन, आणि ती कधी जिंकत नाही तो भाग वेगळा. मागच्या वर्षी तर कुणीतरी मोबाइलच्या नकाशावर काजवेनगर टाकून दिलं. मारुतीच्या चहाच्या टपरीवर गाड्या थांबायला लागल्या, "काजवेनगरला रस्ता कुठून?" मारुती बिचारा सांगायचा, "सात दारं हायत साहेब, आधी चहा घ्या."

पण सगळ्यात मोठी गंमत शेवटाची. पुस्तकाचं शेवटचं पान नव्हतं. म्हणून बाईंनी रीत पाडली. सातवीच्या प्रत्येक वर्गानं शाळा सोडताना आपला शेवट लिहायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा. आज बसमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली तरी आधी विचारतात, "तुमच्यात निरू परत आली का?" उत्तरावरून कोण कुठल्या वर्षाचा ते कळतं. लग्नाच्या पंगतीत यावरून भांडणं झालेली मी पाहिलीत. अशी गोष्ट दुसऱ्या कुठल्या तालुक्यात असेल का? मला नाही वाटत.

आता मूळ मुद्द्यावर येते.

गेल्या महिन्यात बाईंच्या पेन्शनचे कागद करायला कारकून आले होते. ऑफिसच्या भिंतीला लागूनच माझी चूल आहे. ते बाईंचं सेवापुस्तक मोठ्यानं वाचत होते. त्यात सव्वीस वर्षांपूर्वीचा एक शेरा निघाला. 'ग्रंथालयातील पुस्तकाचे नुकसान. शिक्षिकेचा निष्काळजीपणा.' कारकून म्हणाले, "बाई, ह्याच्यामुळंच की ओ तुमचं नाव आदर्श शिक्षिकेच्या यादीतनं दोनदा परत आलं." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "वाळवीनं खाल्लं असंल हो. जाऊ दे."

वाळवीनं खाल्लं नव्हतं. ते पान मी फाडलं.

बाई, तुम्ही हात करू नका. मला बोलू द्या.

मी तेव्हा सातवीत होते. आई बेळगावच्या दवाखान्यात होती. घरात जो तो म्हणायचा, "येतीया गं, आठ दिसांत येतीया." आठ दिवस कधी संपतच नव्हते. बाई गोष्ट थोडी थोडी वाचायच्या आणि मला धीर नव्हता. एका मधल्या सुट्टीत मी कपाट उघडलं आणि थेट शेवटचं पान वाचलं. त्यात निरू परत येत नाही. ती सातव्या दारापलीकडं राहते आणि घर विसरते. मला इतका राग आला की मी ते पान टरकन फाडून दप्तरात कोंबलं. पान नसलं तर तसं होणारच नाही, असं मला वाटलं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीची अक्कल ती.

पुढच्या शनिवारी बाई वाचत वाचत शेवटाला आल्या आणि थांबल्या. सगळा वर्ग विचारायला लागला, "बाई, पुढं?" बाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढचं आता तुम्हीच सांगा." मी दुसऱ्या बाकावर बसले होते. पान माझ्या दप्तरात होतं.

मी लिहिलं, निरू परत आली आणि तिनं चुलीवर भात ठेवला. बाईंनी माझाच शेवट सगळ्यात आधी वाचला, पाठीवरून हात फिरवला. त्याच आठवड्यात आई गेली. आणि पुढं तपासणी आली, फाटलेलं पुस्तक सापडलं, शेरा बसला. त्या शेऱ्याचं मला ठाऊकच नव्हतं, हे खरं आहे. पण पानाचं ठाऊक होतं. या शाळेत नऊ वर्षं रांधते, रोज बाईंना जेवण वाढते, एकदाही तोंड उघडलं नाही. मला त्याची फार लाज वाटते.

काल रात्री माझ्या घरी सोनिया, म्हणजे माझी लेक, म्हणाली, "आई, पण पान असतं तर हे शेवट झालेच नसते की. चांगलंच झालं न्हवं?" तुमच्यापैकीही कितीजण आत्ता तेच म्हणत असतील. मी तसं म्हणणार नाही. जे चांगलं झालं ते बाईंनी केलं. दुसरी कुणी असती तर पुस्तक कपाटात टाकून मोकळी झाली असती. माझ्या वाट्याला फक्त फाडणं येतं.

बाई म्हणतायत, "देवकी, बस की गं आता. झालं-गेलं." न्हाई बाई. आज मी बसणार न्हाई.

साहेब, बाईंची नोकरी अजून चार दिवस शिल्लक आहे. हा माझा अर्ज. घडलेलं सगळं लिहून खाली सही केलीय. हे ते पान, अर्जाला टाचलंय. चार दिवसांत तो शेरा बाईंच्या सेवापुस्तकातून निघाला पाहिजे. निघाला नाही, तर सोमवारी सकाळी तुमच्या ऑफिसच्या पायरीवर मी बसलेली असेन. भात त्या दिवशी दुसरं कुणीतरी रांधेल, ते मी बोलून ठेवलंय. साहेबांनी अर्ज हातात घेतला, त्याबद्दल आभारी आहे. पोच मात्र आजच द्या.

बाई, तुम्ही रडू नका. तुम्ही रडलात तर मला पुढचं बोलता येणार नाही.

अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, गुरुजींनी माईक काढून घेतला नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी एका रांधणाऱ्या बाईचं इतका वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर ते सगळं पदरात घ्या आणि माफ करा.

त्या पानाचं तेवढं माफ करू नका. ते माझ्या नावावर लिहा.