खिळ्यावरचा झारा

नाही नाही, खाटेवरच बसा लीलाधरसाहेब — खाली कशाला? कारखान्यात तुम्ही खुर्चीत अन् मी पायाशी बसायचो, ते आज उलटं करावं असं फार वाटतंय, पण करत नाही. चहा होतोय. तुमचं काम कळलं मला. धुळ्याला स्वतःचा कारखाना घातला — भट्टीत मिठाचा रस झाला, करंट सोडला, क्लोरीन नळीतून निघून जातो, लिथियम पाऱ्यागत चकाकत वर तरंगतं — अन् काढायला गेलं की पेट घेतं. हो ना? घेणारच! काढायचं कसं हे तुम्हाला कुठं ठाऊक? ठाऊक असतं तर तीन वर्षांनी अमळनेरला तोतारामच्या दारात आला असता काय?

तो बघा, चुलीमागं खिळ्याला — झारा. जळगावला तुमचे शिकलेले लोक पळीनं लिथियम काढायचे, निम्मा खारा रसच यायचा सोबत. मी आमच्या सुंदरबाईला भजी काढताना बघितलं, अन् लोहाराकडून बारीक भोकांचा झारा करून घेतला. रस गळून गेला, लिथियम पातळ असून गळेना — आपलं आपल्याला धरून राहिलं. नाचलो होतो मी त्या दिवशी. अन् पेपरात फोटो कुणाचा? तुमचा! मी मागं उभा होतो, तेवढा भाग कापला. झाऱ्याचं माप नेलं तुम्ही, पण झारा रसात घालण्याआधी त्याला काय करायचं, ते विचारलंच नाही कधी. आता विचारताय. सुंदरबाईनं कितीदा म्हटलं, भंगारात द्या. नाही दिला. म्हटलं, येईल एक दिवस लीलाधर, त्याला नुसता दाखवीन — देणार नाही.

अन् भट्टीवरच्या आपल्या वनाचं काय? दसऱ्याला पूजेपुरतं मशीन बंद ठेवतात, कुणालाही विचारा. कारखान्याचे शेठही म्हणाले होते, बंद ठेवा. पण तुम्हाला पाहुण्यांना चालती भट्टी दाखवायची होती! हळदकुंकू वाहिलं, नारळ घेतला, अन् फोडला कुठं — भट्टीच्या काठावर! त्या रसात पाण्याचा थेंब चालत नाही हे मला, आठवी नापासाला, कळतं. धडाका झाला. तुमच्या बाहीला भोक पडलं, अन् पूजेचं ताट धरून शेजारी उभ्या वनाचे दोन्ही डोळे गेले. मग रिपोर्टात काय लिहिलं — नारळ तोतारामनं फोडला. दिलं मला काढून.

वना तेव्हापासून आमच्याकडेच. आमच्या गावचा, मीच त्याला कामाला लावलेला. हा ओट्यावर शेंगा फोडतोय, ऐकू येतं ना — दिवसभर टक् टक्. त्याच्याकडे बघवत नाही म्हणून मान खाली घालताय? घाला. मी रोज बघतो.

काय म्हणालात? मी का अडवलं नाही? वा रे वा! अडवणारच होतो — दोन पावलांवर होतो, ‘साहेब, पाणी!’ तोंडापर्यंत आलं होतं. पण म्हटलं, फोडू दे. फोडू दे याला, पेपरातलं थोबाड एकदा भाजू दे! हो, म्हटलं तसं, मनातल्या मनात म्हटलं! वना शेजारी आहे हे दिसत होतं मला — दिसत होतं हो, पण मी तुमच्याकडेच बघत बसलो, तुमच्या तोंडाकडेच —

थांबा.

शेंगांचा आवाज बंद झाला.

वना? काय व्हयनं रे भाऊ? ... बोल ना. वना, काही तरी बोल ना रे.

उठा साहेब. झारा आधी चांगला तापवून कोरडा करा, मग रसात घाला. तो घ्या काढून — खिळ्यावरनं घ्या अन् जा. जा म्हणतो ना!