चिमटीतली फुलपाखरं

—ते प्रमाणपत्र ठेवा हो पिशवीत, प्रमाणपत्र काय उकळून खायचंय? मला करून दाखवलेलं लागतं, एजन्सीनं सांगितलंच असेल. हा मैदा, ही अंडी, ओटा पुसलेला आहे, करा सुरू. मी इथंच स्टुलावर बसणार आणि बोलणार — हॉटेलात मेजवान्यांचं सगळं मी बघते, तीन-तीनशे माणसांच्या, भल्याभल्या आचाऱ्यांचे हात थरथरतात माझ्यासमोर, तेव्हा तुमचे थरथरले तर वाईट वाटून घेऊ नका. काय करणार म्हणालात? साधा पास्ता. साधा! हा शब्द ऐकला की माझं डोकंच उठतं. साधा म्हणजे काय? येत नाही त्याला साधा म्हणायचं, दुसरं काय! तेलात लसूण परतला, वर चीज किसलं, की झालं रात्रीचं जेवण. सोमवारी लसूण, मंगळवारी टोमॅटो, बुधवारी लोणी आणि मिरपूड, गुरुवारी पुन्हा लसूण — चार महिने हेच चाललं होतं या घरात. आधीच्या बाईचं हो. तुमच्याच एजन्सीची.

अहो, खड्डा मोठा करा मैद्यात, अंडं बाहेर पळतंय. दिसत नाही?

तर — जेवायचंय माझ्या बाबांना. ते आतल्या खोलीत आहेत, झोपलेत. घड्याळं दुरुस्त करायचे. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा, मान वर करून बोलणं माहीत नाही. मी शाळेतून पहिला नंबर घेऊन आले तरी म्हणायचे, 'ठेव तिथं.' वर्षापूर्वी झटका आला, उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे, पण नुसता लोंबतो. व्यायाम शिकवणारा यायचा, त्यानं पिवळा रबरी चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणाला. बाबांनी तो एकदाही दाबला नाही. 'मी काय लहान मूल आहे?' — झालं, चेंडू खाटेखाली. आणि मग आली ही बाई. तुमच्यासारखीच — प्रमाणपत्र, पिशवी, खाली मान. आठ दिवसांत काय केलं असेल तिनं? बाबांना उठवून इथं आणून बसवलं, या टेबलाशी! पुढ्यात लाटलेली पोळी, तिचे कापलेले एवढे-एवढे चौकोन, आणि म्हणाली, 'आजोबा, मला मधोमध चिमटा काढून पास्त्याची फुलपाखरं करायला जमत नाही, तुमची बोटं बारीक कामाची आहेत, बघता का जरा?' जमत नाही म्हणे! जन्मभर तेच करून पोट भरणारीला फुलपाखरं जमत नाहीत! लबाडी नुसती.

तर बाबांनी काढला चिमटा. डाव्या हातानं आधी. मग उजव्यानं. पहिल्या दिवशी तीन फुलपाखरं, महिन्याभरानं चाळीस, रांगेत मांडलेली, एकसारखी, जणू घड्याळाचे भाग. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे. माझं काय म्हणणं — कमाल कसली? पोरखेळ. कणकेशी खेळायला लावलं म्हाताऱ्या माणसाला, आणि रात्री तेच उकळून, वर टोमॅटो ओतून त्याच्यापुढे ठेवलं. आणि ते जेवायचे! पुसून ताटली! मी हॉटेलातून काय-काय आणत होते — साय घातलेले पास्त्याचे थर, भाजलेला मासा, नुसत्या वासानं माणूस उठून बसेल. बाबा म्हणायचे, 'ठेव तिथं.'

थांबू नका, मळत राहा. अशी गोंजारल्यासारखी नाही मळत. तळव्यानं. जोर लावा.

त्या दिवशी मी लवकर आले, हातात डबा. तर ही दोघं इथं हसताहेत. बाबा! माझे बाबा, खो-खो! नाकाला मैदा लागलाय, आणि एक वाकडं फुलपाखरू उचलून तिला म्हणताहेत, 'बाळ, याचा एक पंख माझ्यासारखा लुळा झाला बघ.' बाळ! चाळिशीची घोडी ती, आणि बाळ! मला जन्मात — जाऊ दे. मी काही तिथं रडत नाही बसले, माझा स्वभाव नाही तो. मी डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी एजन्सीला फोन केला, उद्यापासून बाई नको. तर ते म्हणाले, कारण लिहून द्या, तसा फॉर्म असतो. आता कारण काय लिहायचं? चांगलं शिजवते म्हणून? लिहिलं — चांदीचा चमचा गेला.

गेला वगैरे काही नाही हो. आहे की, त्या कपाटात. पण फॉर्मवर काहीतरी भरावं लागतं ना! आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्यांना असंच हलवावं लागतं. बाबांना सांगितलं, तिला चांगली जागा मिळाली, न सांगता गेली. एवढंच म्हणाले, 'असं कसं जाईल?' आणि भिंतीकडे तोंड केलं. आज अकरा दिवस झाले. दोन घास खातात, हात पुन्हा लोंबायला लागलाय. म्हणून तुम्हाला बोलावलं, नाहीतर मला काय हौस आलीये अनोळखी माणसाच्या कोपरापर्यंतच्या पिठाची? तुम्ही हेच करायचं, लाटायचं, कापायचं, त्यांना बसवायचं, फक्त आजोबा-बिजोबा म्हणायचं नाही. साहेब म्हणायचं. आणि हसायचं नाही.

काय झालं? थांबलात का?

ओळखता तिला? बरं. मग? — एजन्सीनं काढून टाकलं? कुठंच काम मिळत नाही? अहो, मग मी काय करू, तिला काय पास्त्याशिवाय दुसरं काही येत नाही? चमच्याचं तुम्ही कुणाला सांगू नका म्हणजे झालं. घरातलं बोलणं घरात. शहाण्याला शब्दाचा मार — एप्रन का सोडताय? ए बाई, मी तुझ्याशी बोलतेय! हात धुवायचे असतील तर धू, पण ही माझ्याकडे बघायची तऱ्हा — कोण समजतेस तू स्वतःला? लसूण सोलणारी! माझ्या घरात उभी राहून तू मला —

बाबा?

उठलात तुम्ही? एकटेच? काठी कुठंय — कधीपासून उभे आहात दारात? बाबा, ती गोष्ट तशी नाहीये, मी सांगते तुम्हाला, बसा आधी, हे बघा, कणीक मळलीये, आज फुलपाखरं करू या, मी — मी कापून देते चौकोन, तुम्ही नुसतं — बाबा, दार नका लावू. बाबा. मी आहे ना.

…

तू काय बघतेस? दार तिकडे आहे. निघ. — नाही, तो गोळा नको उचलूस. राहू दे तिथंच.