देशपांड्यांची आयरनी

आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीतल्या देशपांड्यांना कुठून तरी 'आयरनी' हा शब्द सापडलाय. लिफ्ट बंद पडली की आयरनी, डोसा करपला की आयरनी. अर्थाशी या गृहस्थाचा काडीचा संबंध नाही. एरवी मी सोडून देतो हो, पण माझे भावोजी गेले तेव्हा हे महाशय जयनगरला अक्काला भेटायला आले. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

देशपांडे सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "काय आयरनी बघा अक्का! गेल्याच रविवारी माझ्याशी बोलले, आणि आज नाहीत!"

मला वाटलं, उठून याला दाराबाहेर काढावं. पण अक्कानेच डोळे पुसले.

"स्वल्प थांबा, देशपांडे. याला दुःख म्हणतात. आयरनी म्हणजे मनात असेल त्याच्या मुद्दाम उलट बोलणं. उदाहरण देते. तुम्ही आलात, मला फार बरं वाटलं."

देशपांडे अगदी भारावून गेले. म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं! उद्या मिसेसना पण घेऊन येतो."