हाक कुणाची?

ताई : तीन हाका मारल्या कोट शिवायला आलेल्या त्या गृहस्थांनी, तीन! आणि तू आपला मान खाली घालून कापडावर खडू ओढतोयस. शेवटी गेले बिचारे समोर चहा प्यायला.

मास्तर : मला वाटलं, तेच आहेत.

ताई : तेच म्हणजे?

मास्तर : माझे नेहमीचे. डोक्यातले आवाज. डॉक्टर म्हणाले होते ना, त्यांना बोलू दे, तू तुझं काम कर. केलं!

ताई : अरे देवा! म्हणजे औषधाला गुण आला आणि गिऱ्हाईक गेलं!

मास्तर : हसू नकोस गं.

ताई : मग काय करू? रडून झालंय मागच्या वर्षी पोटभर.

मास्तर : गोळ्या सुरू झाल्या तेव्हा वाटलं, एका झटक्यात यांची तोंडं बंद होतील. कसलं काय! आधी कानाशी ओरडून हुकूम सोडायचे. मग हळूहळू भिंतीपलीकडच्या भांडणासारखं झालं. शब्द कळायचे, पण आपल्या अंगावर येत नसत. आता नुसती कुजबुज, तीही दमलो की. मशीन चालू असलं तर तेवढीही नाही.

ताई : मग चांगलंच आहे की!

मास्तर : चांगलं कसलं? आता ते माणसांइतकंच हळू बोलतात. ओळखायचं कसं? लेकीच्या लग्नातला कोट होता त्यांचा, ताई. आजारानंतरचं माझं पहिलं मोठं काम. गेलं! उद्यापासून घरीच बसतो. दुकान नको, गोळ्याही नकोत.

ताई : आणि घरी बसून काय, त्यांच्याशी गप्पा मारणार? गोळी सोडलीस की परत कानाशी येऊन बसतील, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, त्यांच्या कानावर घालू. तोवर हाक आली की दाराकडे बघ. कोणी दिसलं नाही तर सरळ विचार, कोण बोललं म्हणून.

मास्तर : गिऱ्हाइकांसमोर? वेडा म्हणतील.

ताई : म्हणू देत. मला लहानपणापासून सगळे आगाऊ म्हणतात, काही बिघडलं?

गिऱ्हाईक : (दारातून) येऊ का? की मास्तर आज रागावलेत?

मास्तर : या, या! रागावलो नाही हो. मला... मला कधीकधी नसलेलं ऐकू येतं. औषध चालू आहे. म्हणून मघाशी तुमची खरी हाकसुद्धा सोडून दिली.

गिऱ्हाईक : असं होय! मला वाटलं, मी मागच्या पँटला नावं ठेवली होती, त्याचा राग.

मास्तर : पँट बरोबर होती. तुम्ही सुटलात.

ताई : अरे!

गिऱ्हाईक : बोलू द्या त्यांना. आमच्या घरीही हेच म्हणतात.

मास्तर : हात सैल सोडा. ताई, लिहून घे. बाही इथपर्यंत... थांबा. आत्ता ‘लांब होतेय’ असं कोण म्हणालं?

गिऱ्हाईक : मी.

मास्तर : मग आखूड करतो.