शून्य आलं, मंग?

नाई नाई, फडकं ठेव तिथंच, काजल — फळा पुसाले नाई बोलावलं मी तुले. बस. सतरंजी झटकून ठेवली आहे. कॉलेजातून थेट आली ना? मंग थोडा वेळ बसली तर पुलगावचा क्लास काई पळून नाई जात. मले एवढंच सांग — हे सरायनं लिहिलेलं आहे ना, त्याच्या खाली काय येते? सर गेले त्या दिवसापासून ते तसंच आहे. दिवाळीत शेजारची आनंदाबाई तर बादली घेऊनच आलती पुसाले. मी म्हटलं, राहू द्या.

आता म्हणशील, काकू दहावी शिकलेली, तिले बारावीचं गणित काऊन पाह्यजे? तसंच, बापा. ऐकून ऐकून कान तयार झाले माहे. स्वयंपाकघर अन् ही खोली, मधात एकच भिंत. किती बॅचा झाल्या, दिवाळीच्या आधी हाच धडा — डेरिव्हेटिव्ह काढा, काढलं. शून्य ठेवा, ठेवलं. एक्सच्या किमती काढा — ह्या पाय, एक अन् उणे एक. इथवर पाठ आहे मले. अन् इथंच सर थांबत, खडू हातात तसाच, अन् विचारत, ‘मंग?’ — अन् नेमका तवाच माहा चहा वर येई. दरवर्षी. कप मांडा, गाळा, नेऊन द्या, तोवर तुमचं लिहून मोकळं, सर दुसऱ्या गणितावर. त्या ‘मंग’च्या पुढचं मी कधी ऐकलंच नाई.

एसटीचं तेवढं ठाऊक आहे. सांगत ना तुमाले — आष्टीकडच्या चढावर डोळे मिटून बसा. गाडी चढते, समजते. उतरते, समजते. पण मधात जरासं सपाट लागते, तवा आपण टेकडीच्या माथ्यावर आहो का खाली नाल्यापाशी, हे डोळे मिटलेल्याले सांगता नाई येत. दोन्हीकडं उतार शून्यच. मले लय आवडे ते. आता तर — जाऊ दे. उठली काऊन? बस.

तुले बोल नाई लावत, पोरी. त्या दिवशी तू पह्यल्या सतरंजीवर होती अन् तुलेच विचारलं होतं, ठाऊक आहे मले. मी ट्रे घेऊन दारातच होती. चहा पाहून सगळे हलले, तूही पाह्यलं — कोण नाई पाहत? थंडी पडलती. अन् सर खुर्चीवर बसले, जसं काई उत्तराची वाट पाहून राह्यले. मीबी तेच समजली. सगळ्यायले कप दिले. सरायचा कप टेबलावर ठेवला, तवा समजलं.

पण उत्तर तर राह्यलंच ना गं. म्हणजे — पाय, कोणाले सांगू नको. पोटची पोरगी असून छायाले नाई सांगितलं मी, ती लगेच सेवाग्रामच्या दवाखान्यात नेईन दाखवाले. रोज संध्याकाळी, चहा उकळाले लागला का, ह्या भिंतीतून येते. एकच शब्द. ‘मंग?’ रागानं नाई, तुमाले विचारत तसंच, हळू. पह्यले वाटलं कान वाजून राह्यले, गॅस बंद करून पाह्यला. मंग म्हटलं, कोणी तरी उत्तर द्यावं, म्हणजे सुटतील. गणित अर्धं टाकून सर कधी उठले नाईत. म्हणून तुले हाक मारली. घे खडू. आधण ठेवलंच आहे.

हळू लिही — डेरिव्हेटिव्हचं परत डेरिव्हेटिव्ह? बरं. त्यात एक टाकला, सहा आले, अधिक — अधिक म्हणजे तळ? अन् उणे एक टाकला तर उणे सहा, म्हणजे माथा. एवढंच? डोळे मिटूनबी समजते म्हणजे. एवढुसंच होतं, अन् मी इतके दिवस —

थांब. चहा वर आला. ऐक.

नाई आला ना आवाज? सांडून राह्यला चहा, तरी नाई. बरं झालं. सुटले. बरंच झालं ना गं ते?

सारा संसार झाला, ह्या माणसानं मले कधी काई विचारलं नाई, काजल. भाजी कोणती करू हेबी मीच विचाराचं. छायाले कुठं द्याची ते ठरवून आले, मंग घरात सांगितलं. परक्याच्या पोरायले दिवसभर — मंग, मंग. मले आत्ता कुठं विचारून राह्यले होते. रोज. अन् मले येत नोतं, तरी उद्या पुन्हा विचारत.

फडकं दे इकडं. नाई, मीच पुसते — तू लिहिलेलं तेवढंच. सरायचं राहू दे. जाय आता, क्लास सुरू झाला असन तुहा. उद्या येऊ नको. अन् दार ओढून घेजो, मी आधण पुन्हा ठेवून राह्यली.