बाईंचा बंदोबस्त

जिंतूरकडची जुनी देवळं बघायला आलेल्या जर्मन बाईंचं सांगितलं का तुमाला? आपल्या भागात पर्यटक यावेत म्हणून मीच खटपट करून त्यांना बोलावलं होतं. "इथं कसलाच धोका नाही," असं फोनवर पुन्हा पुन्हा सांगितलेलं. आणि देवळापाशी उतरलो तर समोर बंदूकवाला हवालदार!

बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "धोका नाही, तर बंदूक कशाला?" आणि परत गाडीत बसायला निघाल्या.

हवालदार पुढं आला. "मॅडम, तुमच्याच बंदोबस्ताला हाय मी. बिनघोर फिरा."

तेवढ्यात एका वानरानं त्याची टोपी उचलली आन् थेट कळसावर जाऊन बसलं. हवालदार खालून हात जोडायलाय, "दे की रे, साहेब लय बोलतील!"

बाई हसत परत आल्या, पिशवीतून केळं काढून वर दाखवलं. वानरानं टोपी टाकली आन् खाली येऊन केळं घेतलं.

मग बाई पुढं आणि हवालदार त्यांना चिकटून मागं. मी म्हणालो, "हवालदार, बंदोबस्त पुढून करतात ना?"

तो हळूच म्हणाला, "पुढं अजून वानरं हायत. मॅडमकडं केळी उरलीत का, ते इचारा आधी."