छापील बरोबर

परीक्षक : मानांकन म्हणजे रुग्णालयाचा आत्मा असतो, सिस्टर. शरीर कुणीही बांधतं. आत्मा आम्ही तपासतो.

सिस्टर : पाय उचला काका, चादर ओढायचीय.

परीक्षक : उजवा जरा सांभाळून. त्याच गुडघ्याचं ऑपरेशन आहे दहा वाजता. तीन वर्षांपूर्वी ह्याच इमारतीला मी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले होते, माहितीय?

सिस्टर : म्हणजे ते दोन गुण कापणारे तुम्हीच?

परीक्षक : कापावेच लागले. ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर दोन चौकोन रिकामे. पेशंटला नाव विचारलं का, आणि कुठला पाय ते विचारून खूण केली का.

सिस्टर : मोठ्या साहेबांनी फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून एक चौकोन रिकामा नाही.

परीक्षक : बघा. दोन गुणांत केवढी सुधारणा. माझा फॉर्म दाखवा, डोळे तरी निवू देत.

सिस्टर : हा घ्या.

परीक्षक : वा, सगळं बरोबर, बरोबर, बरोबर... पण मला नाव अजून कुणी विचारलं नाही. गुडघ्यावर खूणही नाही.

सिस्टर : फॉर्मवर आहे ना?

परीक्षक : आहे. कुणी केली?

सिस्टर : प्रेसवाल्यानं. छापूनच येतं ते. रिकामं राहायचा प्रश्नच नको.

परीक्षक : आणि हे खाली 'गुडघा : डावा'?

सिस्टर : तेही. नमुन्याला दिलेल्या फॉर्मवर डावा होता.

परीक्षक : माझा उजवा आहे.

सिस्टर : हो, बोललात मघाशी.

परीक्षक : मग खोडा की.

सिस्टर : खाडाखोड चालत नाही, काका. तुमचाच शेरा आहे. फ्रेम करून लावलाय बाहेर.

परीक्षक : सिस्टर, आजवर कुणाचा भलताच गुडघा...

सिस्टर : तशी नोंद नाही.

परीक्षक : म्हणजे झालेलं नाही?

सिस्टर : म्हणजे त्याला चौकोन नाही.

(ट्रॉलीची चाकं दाराशी येऊन थांबतात.)

सिस्टर : चला. दहाचं नऊला घेतलंय. आज साहेब जोरात आहेत.

परीक्षक : एक मिनिट. तुमचं पेन देता?

सिस्टर : सही झालीय तुमची.

परीक्षक : सही नाही हो, गुडघ्यावर लिहायचंय... हे उमटत नाही. दुसरं असलं तर बघा ना.